आधी खुंटा, मग डोकं

त्या दिवशी सकाळी तू तलावात उतरलास. मोरीचा तिसरा खुंटा काढलास. पाण्यावर आधी खुंटा आला, मग तुझं डोकं. पारीवर, तलावाच्या बांधावर, उभ्या असलेल्या लोकांनी तुला पाहिलं. मग तू खाली गेलास. लोकांनी तुला बाहेर काढलं, पालथं घातलं, छाती दाबली. तोंडातून पाणी आलं नाही.

दादा, हे शेवटचं वाक्य मला कुणाला तरी सांगायचं आहे आणि ऐकणारा तूच होतास. गावात सगळे म्हणतात, बुडाला. तेरवीला मांडवात बसलेली माणसं हळू आवाजात तेच बोलत होती. पट्टीचा पोहणारा, अन् बुडला बाप्पा. गावातले वडीलधारे भिवा काका माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी पान लावलं आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "पोरी, तलाव आपला मानूस घेते. तुह्या आज्याले घेतलं, तुह्या बापाले घेतलं, आता याले घेतलं. तुमच्या घरचा मान हाय तो."

मी चहाचा पेला हातात धरून बसले होते. काका, तो बुडाला नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग काका विचारणार, तर कायनं मेला? आणि मला गळ्यापासून सुरुवात करावी लागणार. गळ्यातल्या नसा, मेंदू, हृदयातली वीज. ते सगळं मी आयुष्यात एकदाच नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितलं होतं. तुला. तुला ते कळलंही होतं. म्हणून मी काकांना काही बोलले नाही. चहा प्याले.

आपल्या पूर्वजांनी तलाव बांधला तेव्हा पारीच्या पोटात दगडी मोरी ठेवली. मोरीला एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटा. पाणी जसं उतरेल तसा खालचा खुंटा काढायचा. तो काढायला बुडी मारावी लागते, आणि ती बुडी आपल्या घरच्या पुरुषानं मारायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांत असं असतं. गोंदियाजवळच्या गोरेगावला नोकरीला आल्यावर मी शाळेत हे सांगितलं तेव्हा चोरखमारा तलावाच्या बाजूच्या एक बाई हसल्या. त्यांच्याकडे पाणी सोडायला कुलपाचं चाक होतं, आणि चाकाला माणूस होता.

आपल्याकडचा रिवाज तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहिताना तो पुन्हा पाहायचा आहे. बुडी मारली की पारीवर कुणी बोलायचं नाही. खाली गेलेल्याचं नाव तर घ्यायचंच नाही. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या. खुंटा निघाला की आधी खुंटा धरलेला हात पाण्याबाहेर आला पाहिजे, मग डोकं. बुडी मारणाऱ्यानं आपला श्वास आधी घ्यायचा नाही. पाणी सुटलं हे आधी गावाला कळलं पाहिजे. हात दिसला की सगळी पार एकदम ओरडायची आणि डफडं कडाडायचं. ते डफडं मला कधी आवडलं नाही. इतक्या शांततेनंतर ते छातीत बसायचं.

मीही पोहायला शिकेन म्हणून मी तुझ्या मागे लागले होते. तू पारीवरून पाण्यात उडी घ्यायचास, मी फ्रॉक गुडघ्यात धरून काठावर बसायची.

"दादा, मले काऊन नाही?"

"तुले कायले पाह्यजे? पोरीचं काम होय का ते?"

"काऊन, पोरीले श्वास नाही का?"

"श्वास हाय, पन तोंड बंद ठेवता येत नाही नं. खाली जाऊन मास्यांसंग भांडशीन."

तू हसायचास आणि मी चिखल मारायची. हा वाद आपण म्हातारे होईपर्यंत घालणार होतो. मी शिकत गेले तसे माझे मुद्दे वाढत गेले, तुझं उत्तर तेच राहिलं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा तू आईला म्हणालास, "आता इच्यासंग कोन बोलन? हे तर पुस्तक घेऊनच भांडते." तेव्हापासून तू मला मास्तरीन म्हणू लागलास. मास्तरीण झाले नव्हते तरी.

बाबा गेले त्या वर्षी मी पारीवर होते. खुंटा वर आला. हात आला. डफडं वाजलं. डोकं आलं ते एका क्षणापुरतं, आणि बाबांचा चेहरा काहीतरी आठवल्यासारखा झाला. मग ते नव्हते. तुला मिसरूडही फुटलेली नव्हती. पुढच्या खुंट्याची वेळ आली तेव्हा तू कपडे काढून पाण्यात उतरलास, कारण धान तुझ्या वयासाठी थांबणार नव्हता. आई घरात दार लावून बसली. तू वर आलास तेव्हा मी रडत होते, आणि तू ओल्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालास, "काऊन रडून राहिली वं? आलो नं." त्यानंतर किती वर्षं तू आलास. माझ्या मनात तुझं ते "आलो नं" इतकं पक्कं झालं होतं की, मी गोरेगावात वर्गावर असताना तू पाण्यात उतरायचास आणि मला त्याची आठवणही राहायची नाही.

मधे एकदा तू वर आल्यावर काठावर कोसळलास. लगेच शुद्धीवर आलास, पण तेवढ्यात कुणी नाकाशी चप्पल धरली होती, कुणी कांदा फोडून धरला होता. मिरगी, म्हणजे फेफरं, ठरलं. मिरगीच्या गोळ्या तू वर्षभर खाल्ल्यास आणि त्यांनी दिवसभर झोपून राहायचास. एक दिवस तू त्या कोंबड्यांपुढे टाकल्यास आणि म्हणालास, कोंबड्या तरी निवांत झोपतील. त्या झोपल्या नाहीत. तेव्हापासून गोळी या वस्तूवरचा तुझा विश्वास उडाला, आणि तो परत आलाच नाही. याबद्दल मला तुझ्यावर रागावता येत नाही. चुकीच्या रोगाची गोळी आधी भेटली.

गौरीला पोहायला तू शिकवलंस. तुझी एकुलती एक मुलगी, दुसरीतिसरीतली असेल. दिवाळीत मी माहेरी आले तर तू मला हाताला धरून पारीवर नेलंस. गौरी पाण्यात होती. बदकासारखी नाही, तुझ्यासारखी. डोकं खाली घालून, पाणी न उडवता. तू माझ्याकडे पाहून म्हणालास, "घे. जनमभर भांडली नं माझ्यासंग? घे तुही पोरगी." तो माझ्या आयुष्यातला फार आनंदाचा दिवस होता. तो तसाच राहू द्यायचा मी प्रयत्न करते. आपल्याला दोघांनाही तेव्हा काही माहीत नव्हतं. जे माहीत नाही त्याचा दोष कुणाकडे जात नाही, हे मी स्वतःला वर्गात शिकवावं तसं शिकवते.

गौरी नववीत गेली आणि शाळेच्या मैदानावर धावताना पडली. वहिनी कांदा घेऊन धावली नाही, एवढं बरं झालं. ती थेट तुझ्या गाडीवर, तुझ्या मागे बसून, पोरीला घेऊन गोंदियाला गेली आणि तिथून मला फोन केला; मीही पोचले. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो बराच वेळ पाहिला आणि नागपूरला पाठवलं. कंपाउंडर चिठ्ठी देताना तुला म्हणाला, "भाईसाब, बच्ची को दौड़ाना मत, तैराना तो बिलकुल मत." तू मला कोपरानं ढोसलंस. "पाह्य. इथं बी पोरीले मनाईच हाय."

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी आलेखावर बोट ठेवलं आणि आपल्याला एकच प्रश्न विचारला. तुमच्या घरात कुणी बुडून गेलं आहे का? पोहता येणारं कुणी?

तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू बोटांवर मोजत नावं सांगायला लागलास आणि दुसऱ्या नावावर थांबलास.

त्यांनी तुझा आलेख काढला. माझाही काढला. तिघांचे आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि ते एकाच हातानं काढल्यासारखे दिसत होते. त्या वेळी माझ्या मनात जे पहिलं आलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. तू मला पाण्यात उतरू दिलं नाहीस म्हणून मी जिवंत होते.

परत आल्यावर ओसरीवर तू खाटेवर बसलास आणि म्हणालास, "आता सांग. डॉक्टरीनबाईनं सांगितलं तसं नोको. मले समजन असं." वहिनी तांदूळ निवडत होती. गौरी उंबऱ्यावर होती. मी तुझी दोन बोटं धरून तुझ्या गळ्यावर ठेवली.

मी म्हणाले, इथे रक्ताचा दाब मोजणारी जागा आहे. प्रत्येक ठोक्याला ती मेंदूला निरोप देते. दाब वाढला तर मेंदू एका नसेनं लगाम ओढतो, हृदय हळू चालतं. दाब उतरला, भीती वाटली, जोर लावायचा असला, तर दुसऱ्या नसा टाच मारतात, हृदय धावतं. हे आपल्याला विचारून होत नाही. आपण झोपलो तरी होतं.

"म्हंजे गळ्यात चौकीदार बसला हाय."

"तसंच समज."

"मंग हा चौकीदार मारते का?"

मी म्हणाले, नाही. ठोका पडतो तो विजेनं. एकदा वीज गेली की हृदयाच्या मांसाला पुन्हा भरून यायला, सावरायला थोडा वेळ लागतो. तो वेळही याच नसा लांबवतात आणि आखडतात. टाच बसली की ठोके जवळजवळ पडतात, म्हणून सावरणंही आखडावं लागतं. बाकी सगळ्यांचं आखडतं. आपल्या घरच्यांचं आखडत नाही. हृदय सावरायच्या आत पुढची ठिणगी आली की ते ठोका द्यायचं सोडून नुसतं थरथरतं. थरथरणारं हृदय रक्त ढकलत नाही. माणूस एका श्वासात जातो.

मग तलावाकडे हात करून म्हणालास, "म्हंजे लोंढा आला, पार फुटली. आमी माती टाकून राहिलो. माती बसली नाही अन् दुसरा लोंढा आला."

"हो. तसंच."

मी वर्षानुवर्षं मुलांना हृदय शिकवते, इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं. मी वहिनीला म्हटलं, "पाहा, कोण मास्तर आहे." वहिनी म्हणाली, "पाण्याचं सांगा त्याईले, सगळं समजते. घरातलं सांगा, काईच समजत नाही."

मग मी पाण्याचंच सांगितलं. गार पाणी चेहऱ्याला लागलं आणि श्वास कोंडला की लगाम ओढला जातो. त्याच वेळी खुंटा ओढायला सगळं अंग जोर लावतं, म्हणून टाचही बसते. लगाम आणि टाच एकाच घोड्याला एकाच वेळी. आणि वर आलास की त्या शांततेत एकदम डफडं. दादा, आपल्या रिवाजात जे जे आहे ते सगळं आपल्या हृदयाच्या विरुद्ध आहे. कुणी मुद्दाम बसून ठरवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

"मंग काऊन?" तू विचारलंस.

"काय काऊन?"

"लगाम अन् टाच संगच काऊन मारते? बनवनाऱ्याले समजलं नाही का?"

मी म्हणाले, पाण्यात प्राणवायू जपायला लगाम, काम करायला टाच. दोन्ही शहाणपणाचंच आहे.

"दोन्ही शहानपनाचं," तू म्हणालास, "अन् मानूस मेला."

मी वहिनीच्या तांदळातले खडे वेचायला घेतले.

आपल्या तिघांना एकच गोळी मिळाली. ती टाच सौम्य करते. रोज घ्यायची, जन्मभर. मी घेतली, गौरीनं घेतली. तू काही महिने घेतलीस आणि मग भातलावणीत चिखलात उभा राहून मला म्हणालास, "हे गोळी खाल्ली का अंगात पानी भरल्यावानी होते. पाय उचलत नाही. बैलाच्या मागं मीच बैल." मी डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या मात्रा बदलू, घेऊन या. तुला घेऊन जाणं जमलं नाही. लावणी होती, मग निंदण होतं, मग दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होती. आपलं भांडण मंडईच्या दिवशी झालं. पोळ्या झाल्या होत्या, पाहुणे होते, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला मरायचं आहे का?"

तू ताट सरकवलंस. "मले मरायचं नाही. मले जगूनच राह्यचं हाय. पन तुह्या गोळीवर जगलो तर पान्यात उतरता येत नाही, अन् पान्यात नाही उतरलो तर मी कोन हावो? सांग. कोन हावो मी? तीन एकराचा धनी? असे गावात शंभर हायत."

"गौरीचा बाप आहेस."

मी जिंकले असं मला वाटलं. तू उठून हात धुतलेस आणि बाहेर गेलास. वादात जिंकल्यावर काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. समोरच्याला उत्तर सापडत नाही, एवढंच होतं. तो बदलत नाही. त्यानंतर आपण बोलायचो, पण धानाचं, आईच्या डोळ्यांचं, गौरीच्या परीक्षेचं. गोळीचं नाही.

या वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान गर्भात होता. मधल्या काळात मोरीच्या बाजूला सरकारी लोखंडी दार बसलं होतं, पण त्याचं चाक दोन हंगामांपासून फिरत नव्हतं. कुणी तेल टाकलं, कुणी पहार लावली. गावानं अर्ज केला, दुरुस्तीला माणूस येणार होता. माणूस येईपर्यंत लोंब वाळली असती. तुला कुणी ये म्हणालं नाही, असं भिवा काका शपथेवर सांगतात. मला ते खरं वाटतं. ते नुसते पारीवर येऊन उभे राहिले असतील.

मी दहावीच्या वर्गावर होते. फोन बाकावर उलटा ठेवलेला होता.

त्या सकाळचं जे मला माहीत आहे ते वहिनीनं मला तेरवीनंतर सांगितलं. पाहुणे गेले होते, ती चुलीपुढे बसली होती आणि एकदम बोलायला लागली. तू अंघोळ केलीस. देवापुढे नारळ ठेवलास. मग फळीवरची गोळी काढलीस, कितीतरी दिवस न घेतलेली, आणि पाण्याबरोबर घेतलीस. वहिनी म्हणाली, "मी म्हणलं, आज काऊन? तर म्हणतेत, आज पान्यात जाऊन राहिलो नं, म्हणून. म्हणे मास्तरीनले सांगशीन, गोळी घेऊनच उतरलो."

नारळ फोडावा तशी तू ती घेतलीस, दादा. कामाच्या दिवशी, कामापुरती. रोजच्या रोज घेतली असती तर तिनं तुला थोडंफार राखलं असतं. एका सकाळच्या एका गोळीच्या भरवशावर तू खाली गेलास, आणि तुला वाटत होतं की तू माझं ऐकलंस.

आणि तू डफडं बंद केलंस. हे मला भिवा काकांनी सांगितलं, तक्रारीच्या सुरात. "मनोहर म्हणे या खेपेले वाजवू नका. म्या म्हणलं काऊन गा, अपशकून करतं का? तर म्हणे, बहिनीचं म्हननं हाय." लोकांनी वाजवलं नाही. पिढ्यानपिढ्यांत पहिल्यांदा आपल्या घरचा माणूस खुंटा घेऊन वर आला आणि पारीवर आवाज झाला नाही. तू शांततेत वर आलास. शांततेत गेलास.

मला तुझ्यावर रागावायचं आहे आणि तू ती जागाच ठेवली नाहीस. गोळी घेतलीस, डफडं थांबवलंस. ओसरीवर मी जे सांगितलं ते तू विसरला नव्हतास. मी सांगितलेल्या सगळ्यातून तुला जेवढं देता आलं तेवढं तू दिलंस. फक्त पाणी दिलं नाहीस. मी तुझे आभार मानायचे की काय करायचं ते मला कळत नाही. पारीवरची ती शांतता तू माझ्यासाठी मागून घेतली होतीस. इतकं मोठं मला कुणी कधी काही दिलेलं नाही, आणि त्याचा उपयोग झाला नाही.

तुझ्या पाण्यावर धान निसवला. या वर्षी लोंब चांगली भरली, असं सगळे म्हणतात. कापणी झाली, मळणी झाली. नव्या तांदळाचा भात वहिनीनं पहिल्यांदा केला तेव्हा आईला खाटेवर भरवून आम्ही तिघी ताटावर बसलो आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. भात गोड होता. मी पोटभर जेवले. मला लाज वाटली आणि मी पुन्हा वाढून घेतलं.

मळणीनंतर भिवा काका आले. बरोबर गावातले दोघं होते. पाणी, चहा झालं. आईच्या तब्येतीचं विचारून झालं. मग काका म्हणाले, "चाकाचं काम होईन तवा होईन. पुढच्या साली खुंट्याचं का करायचं? मान तुमच्या घरचा. घरात तर कोनी गडीमानूस नाही."

वहिनी भिंतीकडे पाहत होती.

काका म्हणाले, "गावानं बसून इचार केला. पोरगी बापासारखी पोहते. सगळ्यायनं पाह्यलं हाय. आता पोरगा अन् पोरगी असं कोन मानते? जमाना बदलला. गौरीनं उतरावं. गावाची ना नाही."

दादा, हे वाक्य मी लहानपणी पारीवर बसून मागितलं होतं. यासाठी मी तुझ्याशी आयुष्यभर भांडले. गावानं ते आता आपल्या ओसरीवर आणून दिलं, आदरानं, चहा पिऊन. काकांच्या चेहऱ्यावर मोठेपणा होता, आणि तो खरा होता.

मी म्हणाले, "नाही."

काकांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ते हसले. "का वं मास्तरीन? आता तूच नाही म्हणून राहिली?"

मी समजावून सांगायला लागले. गळ्यावर बोटं ठेवली, तुझ्या ठेवली होती तशी स्वतःच्या. लगाम, टाच, सावरायला लागणारा वेळ. पार आणि दुसरा लोंढा, तुझेच शब्द. ते तिघं ऐकत होते, मान हलवत होते. माझं संपल्यावर काका म्हणाले, "बरोबर हाय पोरी. म्हणूनच म्हनते नं मानसं, तलाव आपला मानूस घेते." आणि उठले. जाताना त्यांनी गौरीच्या डोक्यावर हात ठेवला.

गौरी उंबऱ्यावर होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पहिल्यांदा मी तुला सांगितलं तेव्हाही ती तिथेच बसली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती असेल असं मला वाटलं होतं. भीती नव्हती. कुणीतरी तिला नावानं हाक मारल्यासारखी ती बसली होती.

मी तिला गोरेगावला माझ्याकडे चल म्हटलं. ती तिच्या आईला सोडून येत नाही म्हणाली. ते खरं आहे. वहिनी रात्री आजारी आजीजवळ एकटी राहू शकत नाही आता. शाळा सुटल्यावर पोरीच्या सोबतीला दुसरं कुणी नाही, तलाव घरापासून दिसतो, आणि पोरीला बांधून ठेवता येत नाही. मी दर रविवारी बसनं येते. गोळ्यांची पट्टी पाहते. पट्टीतल्या गोळ्या बरोबर कमी झालेल्या असतात. तुझ्याही होत्या, सुरुवातीला.

गेल्या रविवारी मी दुपारी पोचले. वहिनी शेजारी गेली होती. गौरी अंगणात बसून अभ्यास करत होती, आणि तिचे केस ओले होते. मी विचारलं, आत्ता अंघोळ? ती म्हणाली, "हो आत्या, डोकं धुतलं." मी तिच्या मागे बसून वेणी घालायला घेतली. केसांना साबणाचा वास नव्हता. लहानपणी तू पाण्यातून पारीवर येऊन माझ्या शेजारी बसायचास तेव्हा तुला यायचा तो वास होता.

बोलायचं ते सगळं माझं बोलून झालेलं आहे, तुझ्याशी. मी वेणी घातली, रिबीन बांधली. मग दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि ठोके लागेपर्यंत थांबले. ती हसली. म्हणाली, "चौकीदार हाय का जागेवर?"

तिसरा खुंटा वहिनीनं देवघराच्या खाली ठेवला आहे. चौथा मोरीतच आहे, त्याच्यावर पाणी आहे. चाक अजून फिरत नाही. गौरी गोळी घेते असं म्हणते. मी रविवारी येते.